जळगावातील लेबल छपाईचे एक दुकान

केळी वेफर्स विकणाऱ्या एका लहान स्टार्टअपमधील मार्केटिंगची ही माझी पहिलीच नोकरी असून, पाकिटाच्या लेबलसाठी मी महिनाभर गोलाणी मार्केटमधील या दुकानात खेटे घातले. रंगसंगती आणि बोधचिन्ह म्हणजेच ब्रँडिंग, असा तोवर माझा समज होता. दुकानातील काकांनी आमचे प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, ट्यूबलाइटखाली धरून अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक पेनाच्या टोकाने मोजला, तेव्हा त्यात एक अंक कमी निघाला. ‘भाऊ, तेलकट हात लागला की ही शाई पुसेल, लॅमिनेशन करून घ्या,’ असेही त्यांनी बजावले. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (विशिष्ट भागातील खास उत्पादनाची अधिकृत ओळख) मिळाले असले, तरी ते पाकिटावर मिरवण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे मला तिथेच प्रथम कळले. आमच्या कार्यालयात, जिथे घोषवाक्यावर तीन बैठका झाल्या होत्या, या नोंदणीचा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. दर इतरांपेक्षा थोडे चढे आहेत. माल ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा मिळाला आणि धुळ्याच्या वितरकापुढे मला अवघडल्यासारखे झाले, ही माझी खरी तक्रार. तरीही पुढच्या दोन हजार लेबलांची ऑर्डर मी इथेच टाकली आहे.