खेळण्यातला डंपर, आठ महिन्यांनंतर

तुकडे जोडून करायचा, चार अ‍ॅक्सलचा (म्हणजे चाकांच्या चार जोड्यांचा) डंपर. मी आणि लेक मिळून जोडायला नऊ संध्याकाळी लागल्या. पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो. छपरावरची चकती फिरवली की पुढचे दोन्ही अ‍ॅक्सल वळतात, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा कमी, खऱ्या गाडीत असतो तसाच. हौदा दाबला की शॉकअप बसतात, सोडला की उठतात. आता आठ महिने झालेत, गाडी तीनदा उकलून पुन्हा जोडलीय आणि मत बरंच बदललंय.

पहिली तक्रार शॉकअपची. रिकामी गाडी झकास उभी राहायची, पण हौद्यात चार-पाच दगड टाकले की मागची बाजू बसायची ती बसायचीच, स्प्रिंगला दबायला जागाच उरायची नाही. मला वाटलं स्प्रिंग मऊ आहेत, कडक आणाव्यात. तशी गरज नव्हती. चाक ज्या झुलत्या दांड्याच्या टोकाला असतं, त्याला ‘हात’ म्हणतात; शॉकअप त्या हाताच्या बरोबर मध्यावर बसवलेला होता. चाकाला जाणवणारा कडकपणा हाताच्या बिजागरीपासून शॉकअपपर्यंतच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे मध्यावर बसवलेली स्प्रिंग चाकाशी फक्त पाव कामाला येते. तोच शॉकअप पाऊण अंतरावर सरकवला तर सोळातले नऊ भाग मिळतात, म्हणजे आधीच्या सव्वादोन पट. एकही नवा तुकडा न घेता गाडी दगडांसकट उभी राहिली. मात्र चाक वर जायची जागा थोडी कमी झाली, हे सोसावं लागतं.

स्टिअरिंगचं दुखणं जास्त चिवट. चौथ्या महिन्यात चकतीला इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की ती चांगली फिरवल्यावर मग चाकं हलायची. चकतीपासून चाकापर्यंत वाटेत गिअरची जोडी, युनिव्हर्सल जॉइंट, लांब दांडा, पिनियन (छोटं दातेरी चाक), रॅक (त्यानं सरकणारी दातेरी पट्टी), टाय रॉड (चाकांना ओढणारी दांडी) आणि किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती उभी खीळ). प्रत्येक जण आपली किंचित ढिलाई त्यात घालतो, वर दांडा पीळ खातो तो वेगळाच. माझा उपाय असा: 8 दात आणि 24 दातांची जोडी छपराखाली होती, ती काढून अगदी रॅकच्या आधी बसवली. जोडीच्या आधीचा सगळा प्ले चाकाशी एक तृतीयांश होतो आणि दांड्यावरचा पीळही तेवढाच घटतो. ही जोडी वरच ठेवण्याचं कारण मला तरी एकच दिसतं, तिथे बसवायला सोपं पडतं.

पुढची डावी-उजवी चाकं एकाच कोनात वळतात, हे आणखी एक दुखणं. वळताना आतलं चाक छोट्या वर्तुळावर चालतं, म्हणून त्याला जास्त वळावं लागतं. या गाडीत डाव्या-उजव्या किंगपिनमधलं अंतर 12 घरं (घर म्हणजे एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर) आणि पुढच्या अ‍ॅक्सलपासून मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या जोडीच्या मध्यापर्यंत 24 घरं. आतलं चाक 30 अंश वळलं तर बाहेरचं सुमारे 24 अंशच वळायला हवं. ही युक्ती लँकेनश्पर्गर या गाड्या बनवणाऱ्या जर्मन कारागिराची, 1817 मधली, घोडागाडीसाठी. 1818 मध्ये इंग्लंडात त्याच्यासाठी पेटंट काढून दिलं अ‍ॅकरमननं आणि युक्तीला नाव अ‍ॅकरमनचंच राहिलं! इथे मात्र गुळगुळीत फरशीवर टायर घासत जातो आणि लेक म्हणते, ‘बाबा, गाडी रडतेय.’

आता खरी गंमत. याच तुकड्यांतून दुसरी गाडी होते, कमरेत वळणारा लोडर, म्हणजे पुढच्या बकेटनं माती उचलणारं यंत्र. त्याला एकही स्प्रिंग नाही. पुढचा अ‍ॅक्सल चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) घट्ट, मागचा मध्यावर एका खिळीभोवती झुलणारा. खऱ्या लोडरलाही बहुधा असंच असतं, कारण भरलेली बकेट घेऊन स्प्रिंगवर डुलत राहणं परवडत नाही. चाकं चेसिसच्या तुलनेत वळतच नाहीत, त्यामुळे किंगपिन नाहीत, टाय रॉड नाहीत, प्ले येणार कुठून? पुस्तकांच्या उतरंडीवरून डंपरचं एक चाक हवेत राहतं, लोडरची चारही टेकलेली असतात. खोक्यावर मोठं चित्र डंपरचं असलं तरी लेक पाच महिने लोडरच जोडून ठेवायला सांगते.

तेव्हा घ्यावा का? उकलून पाहायची हौस असेल तर जरूर घ्या. कपाटावर मांडायला हवा असेल तर डंपर देखणा आहे, चकतीला हात लावू नका. मी सध्या डंपरच्या त्या 30-24 अंशांच्या मागे आहे. त्यासाठी चाक वळवणारा स्टिअरिंगचा हात मागच्या जोडीच्या मध्याकडे रोखावा लागतो; तो 2 घरं लांब, तेव्हा त्याचं टोक अर्धं घर आत यायला हवं, म्हणजे 4 मिलिमीटर. भोकं मात्र 8 मिलिमीटरवर. अर्ध्या घराचा एक जाड तुकडा खोक्याच्या तळाशी सापडलाय, पण तो लावला की टायर मडगार्डला लागतो.