ब्लीचने राठ झालेले केस: तेल, स्पा, बाँड ट्रीटमेंट की केराटिन?

ब्लीचनंतर केसांचा झाडू झाला की पार्लरवाली केराटिन (केस सरळ, चकचकीत करणारी ट्रीटमेंट) सुचवते आणि घरी आजी खोबरेलाची वाटी घेऊन बसते. इंदूरमध्ये पलासियाला विचारा नाहीतर राजवाड्याजवळ, सल्ले हेच. माझं मत आधीच सांगते: ब्लीच केलेल्या केसांवर केराटिन करू नका. पैसे घालायचेच तर चांगल्या कंडिशनरवर आणि कात्रीवर घाला.

डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, जखमेसारखा भरून येत नाही. ब्लीचमध्ये पर्सल्फेटची पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. पेरॉक्साइडची तीव्रता व्हॉल्यूममध्ये सांगतात: 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के, 40 म्हणजे 12 टक्के. हे मिश्रण मेलानिन, म्हणजे केसाचा नैसर्गिक रंग, नष्ट करताना केसातले गंधकाचे बंधही तोडतं, म्हणून ताकद जाते. शिवाय केसावरचा स्निग्ध थर निघतो, म्हणून चमक जाते. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एका बाटलीत दोन्हींचं औषध सहसा नसतं.

तुमचं कुठलं जास्त आहे ते न्हाल्यावर पाहा. एकच ओला केस दोन चिमटींत धरून हलकेच ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर फक्त वरचं नुकसान आहे. रबरासारखा लांबत जाऊन तुटला तर बंध गेलेत.

वरचं नुकसान असेल तर कंडिशनर आणि मास्क पुरतात. खराब झालेल्या केसावर ऋण भार वाढतो आणि कंडिशनरमधले धन भाराचे घटक नेमके तिथेच चिकटतात. डायमेथिकोनसारखं सिलिकॉन असलं की चमक त्याच दिवशी दिसते. ती धुण्यागणिक उतरते, म्हणून दर न्हाण्याला लावायचं. पार्लरचा हेअर स्पा म्हणजे बहुतेक वेळा असाच मास्क, वर मालिश आणि वाफ. छान वाटतं, जरूर करा, पण घरी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळून जवळजवळ तेवढंच मिळतं.

खोबरेलाबाबत आजी बरोबर आहे, फक्त वेळ महत्त्वाची. 2003 साली भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल ताडून पाहिलं. धुताना केसातली प्रथिनं वाहून जाणं कमी केलं ते एकट्या खोबरेलाने, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. म्हणून न्हाण्याच्या आदल्या रात्री लावा. तुटलेले बंध त्याने जोडले जात नाहीत, पण पुढची झीज कमी होते. या पैशात याहून चांगलं काही नाही.

अंडं सोडून द्या. त्यातली प्रथिनं केसात शिरण्याइतकी लहान नसतात आणि वास मात्र दोन दिवस राहतो. मेंदीही नको, ब्लीचवर ती भडक नारिंगी चढते.

केस रबरासारखा ताणत असेल, किंवा पुन्हा ब्लीच करणारच असाल, तर बाँड ट्रीटमेंटचा, म्हणजे हे तुटलेले बंध जोडू पाहणाऱ्या उपचाराचा, विचार करा. ओलाप्लेक्स 2014 मध्ये आलं, आता तसे बरेच ब्रँड आहेत. ब्लीच करतानाच वापरलं तर जास्त उपयोग, नंतर घरी लावून ताकद थोडी सुधारते. महाग आहे आणि चमकेसाठी कंडिशनर लागतोच.

केराटिन केल्यावरचं रूप खरंच देखणं असतं, काही महिने केस सरळ, चकचकीत. पण त्यासाठी 200 अंशांच्या वर तापलेली इस्त्री आधीच कमजोर केसावरून पुन्हा पुन्हा फिरते. रसायन म्हणून घातक फॉर्मलडिहाइड तरी असतं किंवा ग्लायऑक्सिलिक आम्ल. या आम्लाच्या ट्रीटमेंटनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रकरण 2024 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ‘फॉर्मलडिहाइड नाही’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, आत काय आहे ते विचारा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे पाणी. बोअरिंगच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तेच क्षार ब्लीच केलेला सच्छिद्र केस जास्त ओढून घेतो. मग कितीही भारी मास्क लावा, केस निस्तेजच. नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी एक बादली शेवटच्या धुण्यासाठी राखून ठेवा, आणि अधूनमधून क्षार काढणारा, ईडीटीए असलेला शाम्पू वापरा. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, जाणार असाल तर भरपूर खोबरेल लावून केस ओढणीखाली घट्ट बांधा. ब्लीच केलेल्या केसात हिरवा रंग एकदा बसला की महिनोन्‌महिने निघत नाही.

उरली कात्री. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 30 सेंटिमीटर नवे केस यायला दोन ते अडीच वर्षं. दर दोन-तीन महिन्यांनी दुतोंडी टोकं कापत राहिलात तर चीर वर चढत नाही, आणि पहिल्या कापणीनंतरच केस दाट दिसू लागतात.