संगणक कुणाचा: पालिकेचा, राज्याचा की शहरांचा मिळून?

विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून ऐरोलीकडे निघालं की थोड्याच वेळात ठाणे महापालिका संपते आणि दिघ्याला नवी मुंबई लागते. रस्ता तोच, पावसाळ्यातले खड्डेही तेच. ॲप, लॉगिन आणि तक्रार क्रमांक मात्र वेगळे. माझ्या ओळखीच्या एका आर्किटेक्टने चार पालिकांचे पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेत. सायबर सुरक्षेचं काय ते तिथेच कळतं!

संगणक विभागाचा ठेका संपत आला की पालिकेपुढे तीन वाटा असतात.

पहिली, स्वतःची यंत्रणा. महासभेने ठराव केला की बदल आपल्याच विभागाला सांगायचा, हा मोठा फायदा. दुखणं ठेकेदार बदलताना सुरू होतं. एका पालिकेत (नाव राहू द्या) मला भरलेल्या पाणीपट्टीचं बिल पुन्हा आलं. पावती दाखवली, तर खिडकीतल्या बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही जुन्या सिस्टिमची आहे हो."

दुसरी, राज्याची यंत्रणा. केरळात १९९९ पासून 'इन्फर्मेशन केरळ मिशन' स्थानिक संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. १ जानेवारी २०२४ ला त्यांची 'के-स्मार्ट' ही ऑनलाइन सेवांची यंत्रणा शहरांत सुरू झाली. अंबरनाथ-बदलापूरसारख्या नगरपरिषदांना हे सोयीचं. पण आपल्या शहरापुरता बारीक बदल हवा असेल, तर राज्यभराच्या रांगेत उभं राहायचं.

तिसरी, काही शहरांनी मिळून चालवलेली यंत्रणा. ही वाट आपल्याकडे अनोळखी वाटते, पण तशी ती नाही. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि जिल्हा परिषद मिळून 'स्टेम' या सामाईक पाणी कंपनीमार्फत पाणी घेतातच की. अमेरिकेत मिनेसोटातल्या पालिकांची 'लॉजिस' ही संगणक सेवा संस्था १९७२ पासून याच तत्त्वावर चालते: सभासद पालिका, संचालक मंडळावर त्यांचेच प्रतिनिधी, खर्च वाटून. डेन्मार्कच्या पालिकांनी स्वतःच्या मालकीची संगणक कंपनी २००९ मध्ये विकली आणि मग एकाच विक्रेत्याच्या दारात अडकायला नको म्हणून एकत्र खरेदीसाठी 'कोम्बिट' उभी केली. म्हणजे एकदा हातचं सोडून पुन्हा एकत्र यावं लागलं.

पण एकत्र काय करायचं? सगळं नाही. बांधकाम परवानगी एकत्र करायला सर्वांत सोपी. डिसेंबर २०२० पासून राज्याची बांधकामांसाठीची एकत्रीकृत नियमावली आली, त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईचे नियम बहुतांशी एकच झाले. मग सॉफ्टवेअर दोन कशाला? बॅकअप, सुरक्षा, नकाशे हेही एकत्र चालेल. चांगला सुरक्षा तज्ज्ञ एकट्या पालिकेच्या पगारात टिकत नाही. मालमत्ता कराला मात्र मी हात लावणार नाही. दर, सवलती, शास्ती माफी सगळं ज्याच्या त्याच्या पालिकेचं. ते एका साच्यात कोंबलं तर प्रत्येक ठरावाला भांडण.

माझं मत: ठाणे-नवी मुंबईएवढ्या शहरांनी परवानगी आणि सुरक्षेपुरती संयुक्त संस्था करावी, कर घरीच ठेवावा, लहान नगरपरिषदांनी राज्याबरोबर जावं.

अडेल ते पैशावर. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८.४ लाख, नवी मुंबईची ११.२ लाख. वर्गणी डोक्यांवर ठरली तर ठाणे मतंही जास्त मागणार; अर्जांवर ठरली तर ज्या वर्षी बांधकामं जास्त, त्या वर्षी बिल फुगणार. दोन्हींचा मेळ घालून पाच वर्षांचं सूत्र आधीच लिहून घ्या. आणि बाहेर पडायचं कलमही: नोटीस किती महिन्यांची, आपला डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत. करार पुढे सरकवण्याआधी आणखी एक विचारा. ३१ मार्चला संध्याकाळी सात वाजता सर्व्हर बसला, तर फोन कुणाच्या टेबलावर वाजणार?