सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय, लहान मुलांचा विभाग: आमचा अनुभव

सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे हे, स्टेशनवरून चालत जाता येतं. लेकीची दाढ किडली होती आणि घराजवळच्या एका खाजगी क्लिनिकमधे "दुधाचेच दात आहेत, पडतील" म्हणून चक्क परत पाठवलं, याचा मला अजून राग आहे कारण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत तोंडात असतात, तोपर्यंत पोरीने दुखणं काढत बसायचं का?

इथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभागच आहे. डॉक्टर मॅडमने आधी तो छोटा आरसा तिच्याच हातात दिला, मग मशीनचं पाणी तिच्या नखावर उडवून दाखवलं, बघ गुदगुल्या होतात ना, आणि ती हसली तेव्हाच तोंडात हात घातला. मला फार आवडलं हे!! किड काढून सिमेंट भरलं. रात्री बाटलीने दूध पाजत झोपवायचं बंद करा असं धाकट्यासाठीही बजावून सांगितलं.

बहीण सोबत होती, तिला पाचवा महिना, ब्रश करताना हिरड्यातून रक्त यायचं. गरोदरपणात हार्मोन्समुळे होतं असं, पण दुर्लक्ष करू नका, दात साफ करून घ्यायला चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा असं सांगितलं. आमच्याकडे बायका बाळंतपण होईपर्यंत दात दाखवतच नाहीत हो, प्लीज दाखवा.

सकाळी लवकर जा, केसपेपर काढायचा असतो आणि पोरांसाठी डबा ठेवा.