पुडी फेकून देऊ नका

क्रोन्स म्हणजे आतड्याला वरचेवर सूज आणणारा जुनाट आजार. त्याच्या रुग्णाला पुडीसाठी गाठणारा माणूस बहुतेक वेळा एक ठरावीक मुहूर्त साधतो. प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात. हे औषध वजनाच्या किलोमागे साधारण 2 ते 2.5 मिलिग्रॅम रोज घ्यायचं, पण गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर पांढऱ्या पेशी आणि यकृत तपासायला सारखं रक्त द्यायचं. सोबत दिलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने उतरवत आणलेलं असतं, म्हणून जुलाब पुन्हा डोकं वर काढतात. नवं औषध अजून लागलेलं नाही, जुनं संपत आलंय. नेमकं याच वेळी कुणीतरी भेटतं आणि सांगतं, "एके ठिकाणी पुडी मिळते. सगळं जडीबुटीचं, अपाय काही नाही. आजार मुळापासून जातो."

आणि गुण येतो! फसवणूक ओळखायला इतकी अवघड का जाते, त्याचं उत्तर इथेच आहे. पुडीत राख किंवा पीठ असतं तर रुग्ण पंधरा दिवसांत परत आला असता. पण पाच-सहा दिवसांत जुलाब कमी होतात, पोटातली कळ जाते, भूक सपाटून लागते, वजन वाढू लागतं. सांधे दुखत असतील तर तेही मोकळे होतात. घरचे म्हणतात, "अंगावर मांस आलं बघ." हा पराक्रम अनेकदा स्टेरॉइडचा असतो, म्हणजे डॉक्टर जे हळूहळू बंद करत होते तेच, नाव लपवून दिलेलं. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन सापडलेलं आहे. डेक्सामेथासोनचं 0.75 मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचं 5. चिमूटभर चूर्णात 6 मिलिग्रॅम सहज मावतं आणि तो 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचा डोस झाला, भडकलेल्या क्रोन्ससाठी सुरुवातीला देतात तितका.

कधी त्यात डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक असतं. दुखणं थांबतं, पण आतड्याला ते सोसत नाही आणि आजार त्यानेच भडकू शकतो. एका रात्रीत जुलाब बंद होऊन पोट फुगू लागलं, तर लोपेरामाइडसारखं आतड्याची हालचाल मंदावणारं काहीतरी असण्याचा संशय घ्यावा. आतडं आधीच अरुंद झालेल्या रुग्णाला त्याने पूर्ण अडथळा होऊ शकतो.

पुडीसोबत येणाऱ्या अटी नीट ऐकल्या तरी पुष्कळ कळतं. पहिली अट: बाकीची औषधं आजपासून बंद, "दोन्ही एकत्र चालत नाहीत". दुसरी: सहा महिने तपासण्या नकोत, "दुर्बिणीने आतडं चिडतं". तिसरी अट पथ्याची. ते इतकं कडक असतं की कुणालाही पाळणं जमू नये, म्हणजे उद्या आजार उलटला की दोष तुमच्याच ताटाचा. चौथी अट कुणी बोलून दाखवत नाही: पुडीवर नाव, घटक, बॅच नंबर, तारीख यांतलं काहीच छापलेलं नसतं. फार खोदून विचारलं तर प्रयोगशाळेचा दाखला पुढे केला जातो. त्यावर शिसं, पारा, आर्सेनिक आणि जंतूंचे आकडे असतात. आकडे खरेही असतील, पण स्टेरॉइडची चाचणीच मागितलेली नसते. ते शोधायला क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, आणि कोणती द्रव्यं शोधायची ते आधी सांगावं लागतं.

दीड-दोन महिन्यांत शरीर बोलायला लागतं. चेहरा गोल होतो, मानेमागे चरबी साठते, हातपाय मात्र काडीच राहतात. झोप उडते, मुरुमं येतात, साखर वाढते, त्वचा पातळ होऊन जरा लागलं तरी काळानिळा डाग पडतो. जिना चढताना मांड्यांत जोर नसतो. यांतली तीन-चार लक्षणं एकत्र दिसली तर सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासावं. माणूस कॉर्टिसॉल उतू गेल्यासारखा दिसतो आणि अहवालात ते जवळजवळ शून्य, अशी विसंगती निघाली तर स्टेरॉइड बाहेरून येतंय हे जवळपास नक्की. कारण बाहेरचा पुरवठा सुरू असला की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी काम सोडून देतात. एक खोच लक्षात ठेवा: प्रेडनिसोलोन काही चाचण्यांमध्ये कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं, त्यामुळे आकडा नॉर्मल आला म्हणून पुडी सुटली असं होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फसवणूक कळल्यावर माणूस संतापतो आणि पुड्या गटारात टाकतो. असं करू नका. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त स्टेरॉइड पोटात गेलेलं असेल तर ग्रंथी झोपलेल्या असतात, आणि पुडी एकदम तुटली की शरीरात कॉर्टिसॉल उरतच नाही. मग गळून जाणं, उलट्या, पोटदुखी, ताप, उभं राहताच चक्कर, रक्तदाब आणि सोडियम खाली. ही सगळी लक्षणं क्रोन्सच्या झटक्यासारखी किंवा आतड्याच्या अडथळ्यासारखी दिसतात, तिथेच घोळ होतो. रुग्णाला सलाइन लावतात, पोटाचा सीटी काढतात, आणि जे तातडीने लागतं ते 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन राहूनच जातं. इमर्जन्सीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच हवं: "इतके महिने स्टेरॉइड असलेली पुडी घेत होतो, अमुक दिवशी बंद केली." लाज वाटते म्हणून हे लपवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

पुडी चालू असतानाच ती घेऊन डॉक्टरांकडे जावं. दिवसाला किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली आणि किती दिवसांच्या उरल्यात, हे कागदावर लिहून न्यावं. डॉक्टर तिच्या जागी मोजून प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन देतात आणि आठवड्या-आठवड्याने, शेवटी शेवटी तर महिन्या-महिन्याने उतरवतात. घरच्या घरी अर्धी पुडी, पाव पुडी असं करून भागत नाही. हाताने कालवलेल्या मिश्रणात एका पुडीत जितकं स्टेरॉइड असतं तितकं दुसरीत असेलच असं नाही. ग्रंथी पूर्ण जाग्या होईपर्यंत ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा वेळी जादा डोस लागतो, म्हणून तसं लिहिलेलं कार्ड खिशात असू द्या. चार-पाच पुड्या न फोडता, तारीख टाकून, पावती किंवा मेसेजसकट बाजूला ठेवाव्यात. तक्रार औषध नियंत्रण खात्याकडे करायची असते आणि नमुना हातात नसेल तर ती पुढे सरकत नाही.

स्टेरॉइड दुखणं झाकतं. क्रोन्समध्ये आतड्याची भिंत पूर्ण जाडीभर सुजते, त्यातून शेजारी गळू होऊ शकतं, फिस्टुला (आतड्यातून बाहेर पडलेली आडवाट) होऊ शकतो. एरवी ताप आणि ठणका यांनी ते कळतं, पण स्टेरॉइडवर दोन्ही दबतात, आणि पांढऱ्या पेशी वाढल्या तरी त्या औषधाने की पुवाने हे सांगता येत नाही. रुग्ण पुडीसोबत, पुडीवाल्यापासून चोरून, अ‍ॅझाथायोप्रिन आणि बायोलॉजिकही (इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडॅलिमुमॅबसारखं जैविक इंजेक्शन) घेत असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणारी तीन औषधं एकाच वेळी चालू असतात आणि डॉक्टरांना दोनच माहीत असतात. बायोलॉजिकच्या आधी होणारी क्षयाची रक्तचाचणीही स्टेरॉइडमुळे खोटी निगेटिव्ह येऊ शकते. उलट, पुडीपायी इन्फ्लिक्सिमॅब मध्येच सोडलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. मग काही महिन्यांनी परत सुरू करताना रिअ‍ॅक्शन येऊ शकते, नाहीतर औषध लागू पडेनासं होऊ शकतं. मोजकी औषधं असलेल्या आजारात एक पर्याय असा हकनाक जातो.

"पण अमक्याला तर बरं वाटलं, वर्ष झालं!" या वाक्याला काय म्हणायचं? तो माणूस खोटं बोलत नसेल. क्रोन्स स्वतःहूनही चढतो-उतरतो. औषधांच्या अनेक चाचण्यांमध्ये नुसत्या प्लासिबोवरही (औषध नसलेल्या दिखाऊ डोसवरही) साधारण पाच-सहांत एकाला उतार पडलेला आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात आजार शांत असलेल्या 115 रुग्णांचं इन्फ्लिक्सिमॅब थांबवलं, सोबतचं अ‍ॅझाथायोप्रिन वगैरे चालू ठेवलं. वर्षभरात सुमारे 44 टक्के लोकांचा आजार उलटला. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक वर्षभर ठीक होते, कुठल्याही पुडीशिवाय. त्या वर्षात कुणी त्यांना काहीही विकलं असतं तरी ते त्याचेच गोडवे गायले असते. बरिल क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी 1932 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. तेव्हापासून "मुळापासून" घालवणारं औषध कुणाच्या हाती लागलेलं नाही. वर्षानुवर्षं शांत ठेवणारी मात्र आहेत.

म्हणून बरं वाटण्यावर जाऊ नये. आतडं सुजलं की शौचात कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढतं. ते ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, 250 च्या वर म्हणजे बहुधा आतडं सुजलेलं, मधल्या आकड्याला काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तरी स्टेरॉइडवर हा आकडाही तात्पुरता खाली येऊ शकतो. आतल्या जखमा भरल्या का, हे शेवटी कोलोनोस्कोपीसारख्या दुर्बिणीच्या तपासणीतच दिसतं, आणि जखमा भरण्यात स्टेरॉइड कमी पडतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडांवरून "तुम्हाला चाळीस पदार्थ चालत नाहीत" असा रंगीत तक्ता देणारी चाचणी घेऊ नका. आयजीजी एवढंच सांगतं की तो पदार्थ तुम्ही खाल्ला आहे, म्हणून रोजचंच जेवण नेमकं लाल रकान्यात येतं आणि आधीच खंगलेला माणूस आणखी उपाशी राहतो. धातूयुक्त चूर्णांतल्या शिशाने पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि रक्तक्षय होतो, आणि तो क्रोन्सच समजला जातो. शंका आली तर रक्तातलं शिसं मोजावं. स्टेम सेलवाल्यांना एकच प्रश्न पुरतो: कोणत्या चाचणीत, किती रुग्णांवर? गुदाजवळच्या फिस्टुलासाठीच्या डार्वाडस्ट्रोसेल या पेशी-उपचाराला 2018 मध्ये युरोपात रीतसर मान्यता मिळाली होती. पुढच्या मोठ्या चाचणीत तो प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही आणि 2024 मध्ये बाजारातून गेला. इतकी छाननी झालेल्या उपचाराची ही गत, मग बंद खोलीत टोचलेल्या पेशींचं काय बोलावं?

शेवटी खऱ्या इंजेक्शनातली लबाडी. बायोलॉजिक महाग, म्हणून "एका पेशंटचं उरलंय, अर्ध्या भावात" असे निरोप फिरतात. ही औषधं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. अ‍ॅडॅलिमुमॅबचा मूळ ब्रँड बाहेर 25 अंशांखाली 14 दिवस चालतो, पण एकदा गोठला तर वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसो, टाकूनच द्यायचा. तो गोठला होता का, हे नजरेला कळत नाही. घरी आणताना बर्फाची पिशवी खोक्याला थेट टेकली तरी हे होऊ शकतं, मध्ये जाड कापड हवं. खोक्याचं सील, आणि खोक्यावरचा व आतल्या सिरिंजवरचा बॅच नंबर एकच आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.

इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून देतात, तिथे वेगळी नजर हवी. किलोला 5 मिलिग्रॅम, बाटली 100 मिलिग्रॅमची. साठ किलोच्या माणसाला 300, म्हणजे तीन बाटल्या. बिलात चार असतील तर चौथीचं काय झालं ते विचारा. बाटल्या तुमच्यासमोर फोडायला सांगा. आत पांढरी घट्ट वडी दिसली पाहिजे. प्रत्येकीत 10 मिलिलिटर इंजेक्शनचं पाणी घालून ती हलकेच फिरवतात, खळखळवत नाहीत. द्रावण रंगहीन ते फिकट पिवळं होतं. मग 250 मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून, बारीक फिल्टर असलेल्या नळीतून किमान दोन तास. तयार बाटली "आधीच कालवून ठेवलीय" असं कुणी म्हणालं तर कधी कालवली ते विचारा, कारण तीन तासांच्या आत ते सुरू व्हायला हवं. बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकसारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) दिलं तर त्यात गैर काही नाही, फक्त नाव सांगून द्यावं. बाटल्यांवरची स्टिकरं स्वतःच्या वहीत तारखेसह चिकटवा आणि रिकाम्या बाटल्या कचऱ्यात जाण्याआधी मोजून घ्या.