एसव्हीटीची धडधड: गोळी चालू ठेवायची की अ‍ॅब्लेशन करून घ्यायचं?

बसल्या जागी ठोके एकदम 180 वर जातात, अर्धा-एक तास तसेच राहतात आणि सुरू झाले तसेच अचानक थांबतात. घरच्यांना वाटतं अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल झालेला असतो, मग 'टेन्शन कमी करा' असा सल्ला मिळतो. पुढे कधीतरी धडधड चालू असतानाच ईसीजी निघतो, एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी वेगवान लय) हे नाव कळतं आणि डॉक्टर दोन पर्याय समोर ठेवतात: रोजची गोळी, किंवा अ‍ॅब्लेशन, म्हणजे हृदयातली बिघाडाची जागा निकामी करणं. त्यांतून निवडायचं तर आत काय चाललंय ते आधी समजायला हवं.

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फेरी मारायला गर्दी आली आणि तळ्याच्या दोन्ही बाजूंनी निघाली, तर पलीकडे समोरासमोर भेटून थांबेल. आता एक बाजू थोडा वेळ बंद आहे असं समजा. सगळे दुसऱ्या बाजूने, तेही रमतगमत, पलीकडे पोचतात. तोवर बंद बाजू उघडलेली असते. मग त्या वाटेने ते परत निघालेल्या जागी येतात आणि पुन्हा फेरी सुरू. हृदयातला विजेचा झटका असाच अडकतो. त्याला दोन वाटा लागतात, एका वाटेवर तात्पुरता एकतर्फी अडथळा लागतो आणि दुसरीचा वेग इतका कमी लागतो, की झटका वळसा घालून येईपर्यंत पुढचा स्नायू पुन्हा तयार झालेला असेल. यालाच रीएन्ट्री म्हणतात. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज माइन्स यांनी 1913 च्या सुमारास प्राण्यांच्या हृदयातून कापलेल्या कड्यांत हा फेरा फिरवून दाखवला. कडं एका जागी कापलं की फेरा थांबतो, हेही त्यांनीच मांडलं. अ‍ॅब्लेशनचं सगळं तत्त्व यात आलं.

गोळ्या कडं कापत नाहीत. मेटोप्रोलॉल, व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही औषधं एव्ही नोडमधली (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज नेणाऱ्या गाठीतली) वाट मंदावतात, त्यामुळे फेरा सुरू होणं अवघड होतं. वाट मात्र तिथेच राहते. म्हणून गोळी चुकली, जागरण झालं, ताप आला की धडधड परतू शकते. दमा असेल तर मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर जपून. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर व्हेरापामिल नकोच. पंचविशीतल्या मुलीला पुढची चाळीस वर्षं रोज गोळी, हा हिशेब मला तरी पटत नाही.

पण वर्षातून एखाद्या वेळी पाच मिनिटं धडधड होऊन आपोआप थांबत असेल, तर रोजची गोळीही नको आणि अ‍ॅब्लेशनचीही घाई नको. वलसाल्वा, म्हणजे जोर लावून फुंकून धडधड थांबवायची युक्ती, शिकून घ्या. अर्धवट बसून, रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने 15 सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने पाय उचलून 15 सेकंद धरायचे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने 43 टक्के लोकांची लय पूर्ववत झाली; पाय न उचलता फक्त 17 टक्क्यांची. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून बघा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर फुंकत बसू नका, इमर्जन्सी गाठा. तिथे अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन देतात. काही सेकंद छाती दाबल्यासारखं फार वाईट वाटतं, पण औषधाचा असरही तेवढ्यातच ओसरतो.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक वायर हृदयात नेतात, ईपी स्टडी (हृदयातल्या विजेच्या वाटांची तपासणी) करून फेरा मुद्दाम सुरू करतात, वाट शोधतात आणि तेवढीच जागा उष्णतेने निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही. नेहमीच्या एसव्हीटीत साधारण 95 टक्के किंवा अधिक यश मिळतं. थोड्यांना पुन्हा करावं लागतं. धोका कुठे आहे ते स्पष्ट विचारा. फेरा एव्ही नोडपाशीच असेल, तर नोडलाच इजा होऊन कायमचा पेसमेकर लागण्याची शक्यता असते. ती साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी आहे, पण शून्य नाही.

एका गटाने मात्र फार तोलत बसू नये. ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट) दिसतं आणि धडधडही होते, अशांनी. त्यांच्यात जन्मजात जास्तीची वाट असते. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरणं) झालं तर झटके त्या वाटेने सुसाट खाली उतरून जीवावर बेतू शकतं, आणि अशा वेळी व्हेरापामिल घातक ठरतं. इथे माझं मत सरळ अ‍ॅब्लेशनच्या बाजूने आहे.

शेजारच्या काकांचं अ‍ॅब्लेशन एट्रियल फिब्रिलेशनसाठी झालं असेल, तर त्यांच्या अनुभवावरून ठरवू नका. नाव एकच, काम वेगळं आणि यशाचं प्रमाणही कमी.

कोल्हापुरातली अडचण वेगळी. कॅथ लॅब (शिरेतून वायर नेऊन हृदयावर उपचार करायच्या खोल्या) आहेत, पण अँजिओप्लास्टी करणारे सगळेच अ‍ॅब्लेशन करत नाहीत. इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या लयीचे तज्ज्ञ, कोण, ते इथे नेहमी बसतात की बाहेरून येतात, हे विचारा. नाहीतर बेळगाव साधारण 110 किलोमीटर, पुणे 230. खर्च सरकारी योजनेत किंवा मेडिक्लेममध्ये बसतो का, हे भरती होण्याआधी लेखी घ्या. जाताना धडधडीच्या वेळचा ईसीजी न्याच. झेरॉक्स काढून ठेवा, त्या कागदाची शाई उडते. परतल्यावर तालमीत जाणाऱ्यांनी वस्तादांना सांगून ठेवावं: जांघेतली जखम भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोर-बैठका आणि लढत बंद.