तामिया टीटी-०२: आठ महिने आणि एक संक्रांत

गणपती उठले आणि तामिया या जपानी कंपनीच्या रिमोटवर चालणाऱ्या गाडीच्या किटचा, म्हणजे सुटे भाग घरी जोडायच्या गाडीचा, खोका घरात आला. आता मे चालू आहे. आठवड्यातून दोनदा तरी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळते आणि रविवारी सकाळी एका रिकाम्या लेआउटच्या डांबरी रस्त्यावर. रेसिंग मी करत नाही, त्यामुळे लॅप टाइम विचारू नका.

टीटी-०२ हे २०१३ पासूनचं चॅसिस. १/१० स्केल, शाफ्टवर चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह, टबासारखं प्लॅस्टिकचं बूड. गिअर झाकलेले असतात. आमच्या नाशकात दर गल्लीत बांधकाम चालू, म्हणून उघड्या बेल्टच्या महाग गाड्यांपेक्षा मला हीच सोयीची वाटली.

किटमध्ये बेअरिंगऐवजी बुश, म्हणजे आत गोळ्या नसलेली साधी कडी, येतात, हे जगजाहीर आहे. मी ते खोक्यातच ठेवले आणि जोडणीच्या वेळीच बेअरिंगं बसवली. एकूण १६ लागतात, ११५० या मापाची १२ आणि १५१० या मापाची ४. नंतर बसवायची म्हटलं तर अर्धी गाडी उघडावी लागते.

दुसरा खर्च स्क्रूड्रायव्हरचा, आणि तो मी उशिरा केला. जपानी स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या स्टार ड्रायव्हरला नीट बसत नाही. पहिल्याच संध्याकाळी तीन स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून बसलो. मग जेआयएसचा, म्हणजे जपानी मापाचा, मागवला. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी हलकेच उलटा फिरवायचा, बोटाला 'टक' जाणवलं की मग पिळायचा. जुन्याच आट्यांत जातो. तसाच दामटला तर तो नवे आटे पाडतो आणि पाचव्या-सहाव्या वेळी भोक सैल.

आता मांजा. संक्रांतीनंतर पंधरा दिवस आमच्या पार्किंगमध्ये नायलॉनचे तुकडे लोळत असतात. गाडी चालत होती, पण मुलगा म्हणाला, "बाबा, ती ओरडतेय." मी म्हटलं, नवीन मोटर आहे, असेल. अजून दोन बॅटऱ्या संपेपर्यंत तशीच पळवली. शेवटी पुढचं उजवं चाक काढलं तर हबच्या मागे मांजा इतका घट्ट गुंडाळलेला, की उष्णतेने वितळून त्याचं कडंच झालं होतं. बेअरिंगची बाजूची सील आत ढकललेली, बोटाने फिरवलं तर वाळू चावल्यासारखं. ब्लेडने कापत, चिमट्याने ओढत तासभर गेला. दोन बेअरिंगं कचऱ्यात. तेव्हापासून प्रत्येक वेळी चारही चाकं हाताने फिरवून बघतो; मांजा नसला तर लांब केस तरी निघतोच.

मोटरबद्दल. सोबत आलेली ५४० नावाची साधी मोटर मी चार महिने वापरली आणि पार्किंगसाठी ती पुरते, खरंच पुरते. तरी हात शिवशिवले आणि १३.५ टर्नची (म्हणजे तारेचे वेढे) सेन्सर असलेली ब्रशलेस मोटर बसवली. किटचा २२ दातांचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) तसाच ठेवला, ७० दातांच्या स्परवर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आतल्या गिअरांसकट एकूण गुणोत्तर ८.२७ येतं. तिसऱ्या दिवशी मोटर गुणगुणतेय आणि गाडी जागची हलत नाही! चूक माझीच. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर नेमका यायला हवा, वर थेंबभर निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, हवं. मी दोन्ही 'नंतर बघू' म्हणून सोडलं होतं.

पैसे वसूल म्हणाल तर ऑइल डँपरचे, म्हणजे तेल भरलेल्या शॉक अॅब्सॉर्बरचे. किटमधले बिनतेलाचे, नुसत्या स्प्रिंगचे. डांबराच्या खडीवर गाडी बेडकासारखी उडायची. तेल भरताना घाई नको. पिस्टन सावकाश वर-खाली करायचा आणि डँपर उभा ठेवून बुडबुडे वर येईपर्यंत चहा घेऊन यायचा. डिसेंबरात बसलेला सेटअप एप्रिलच्या उन्हात मऊ वाटतो, कारण तेल पातळ होतं. मी आता एक पायरी जाड भरलंय. किटच्या डिफमध्ये (डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) मात्र तेल ठरत नाही, गळतं. तिथे जाड ग्रीसच.

बॅटरी: २ सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुल चार्ज करून गावी गेलो, तीन आठवड्यांनी परत आलो तर उशीसारखी फुगलेली. दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवून जायला हवं होतं, हे चार्जरच्या स्टोरेज बटणावर रोज वाचत होतो.

बॉडी पॉलिकार्बोनेटची, पुढच्या चाकाच्या कमानीशी फाटतेच. पीओपीवाले भिंतीच्या भेगांना लावतात ती जाळीची टेप आतून, वर रबरासारखा राहणारा गोंद. पाच महिने टिकलंय.

राहिला स्टिअरिंगमधला प्ले, म्हणजे सांध्यांतला सैलपणा. सरळ सोडली तरी गाडी थोडी डोलते, आणि ब्रशलेसनंतर ते जास्तच दिसतं. बेअरिंगवालं अॅल्युमिनियम स्टिअरिंग मागवलंय. मोटरच्या आधी हेच घ्यायला हवं होतं, असं बायको म्हणाली. तिला प्ले म्हणजे काय ते माहीत नाही, पण हिशेब तिचा बरोबर आहे.